सहलीतील पिण्याचे पाणी

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा भरल्या की विद्यार्थ्यांना सहलीचे वेध लागतात. कोठे गड, कोठे लेणी, कोठे नदीकाठचे वनभोजन, असे बेत ठरू लागतात. वाहन, शिदोरी, पालकांची संमतिपत्रे, खर्चाचा अंदाज या सर्व गोष्टींची चर्चा शिक्षकांच्या बैठकीत सविस्तर होते. पाण्याचा विषय निघाला म्हणजे मात्र ‘वाटेत झरा आहे’ किंवा ‘गडावर टाके आहे’ एवढ्या एका वाक्यावर तो संपतो. वस्तुतः सहलीहून परतल्यावर मुलांना होणाऱ्या पुष्कळशा आजारांचे मूळ याच एका वाक्यात असते. पटकी, विषमज्वर, हगवण, आमांश, कावीळ हे रोग पाण्याच्या वाटेने पोटात शिरतात, आणि चाळीस मुले एकाच टाक्याचे पाणी प्यालेली असतील तर ते चाळीस घरांत पोहोचू शकतात. म्हणून उघड्यावरचे पाणी पिण्यायोग्य कसे करावे, याची पक्की माहिती सहल नेणाऱ्या प्रत्येक शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

या विषयात सर्वांत मोठा घोटाळा एका शब्दाने केला आहे. तो शब्द म्हणजे ‘स्वच्छ’. डोळ्यांना पाणी निवळ दिसले की ते स्वच्छ, आणि स्वच्छ म्हणजे पिण्यास निर्धोक, अशी आपली सहज समजूत असते. पण निवळपणा आणि निर्धोकपणा हे दोन स्वतंत्र गुण आहेत. गढूळ पाण्यात रोगजंतू असतीलच असे नाही, आणि स्फटिकासारख्या निवळ पाण्यात ते लक्षावधींनी असू शकतात. पाणी निवळ करणे हे एक काम, त्यातील जंतू मारणे हे दुसरे. दोन्ही कामे करावी लागतात आणि ती याच क्रमाने करावी लागतात. शिक्षकांनी हा भेद मनाशी पक्का केला की पुढील सर्व कृतींचा अर्थ आपोआप उलगडतो.

गाळण्यापासून प्रारंभ करू. पाणी फडक्याने गाळून घेण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे आणि ती निरर्थक मुळीच नाही. तिचा सर्वांत मोठा पराक्रम म्हणजे नारूचा नायनाट. पायऱ्यांच्या विहिरींत आणि बारवांत उतरून पाणी भरणाऱ्या गावांत पूर्वी नारूने माणसे महिनोन् महिने अंथरुणाला खिळत. या रोगाची अळी पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या अतिसूक्ष्म जलचराच्या पोटात असते. हा जीव साधारण मिलिमीटरभर लांबीचा, म्हणून घट्ट विणीच्या फडक्यात तो अडकतो. पाणी गाळून पिणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे आणि पाण्यात औषध टाकणे या साध्या उपायांनी भारतातील नारू हटला. १९९६ च्या जुलैमध्ये राजस्थानात आढळलेला रोगी शेवटचा ठरला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. नुसत्या फडक्याच्या एवढ्या मोठ्या कामगिरीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

परंतु जे फडके सायक्लॉप्सला अडवते, ते विषमज्वराच्या जंतूला अडवीत नाही. येथे वर्गात करून दाखविण्याजोगे एक साधे गणित आहे. चांगल्या फडक्याच्या विणीतील छिद्र मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाएवढे धरले आणि रोगजंतू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा धरला, तर छिद्र जंतूच्या शंभरपट मोठे ठरते. ज्वारीचा दाणा सुमारे चार मिलिमीटरचा. त्याच्या शंभरपट म्हणजे जवळजवळ हातभर रुंदीची खिडकी. अशा खिडकीतून ज्वारीचा दाणा आत आला, तर त्यात नवल ते काय? काविळीचा विषाणू तर या जंतूहूनही कितीतरी लहान असतो. मुलांना हे उदाहरण एकदा दिले की ‘गाळले म्हणजे झाले’ ही समजूत त्यांच्या मनातून जाते, आणि ती पुढे घरातील मोठ्यांच्या मनातूनही जाण्याचा संभव असतो.

येथे एक अपवाद सांगितला पाहिजे. बांगलादेशातील मतलब भागात झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की, जुन्या सुती साडीच्या चार घड्या करून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने उतरले. पटकीचे जंतू पुष्कळदा पाण्यातील सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतात, आणि ते जलचर घड्यांत अडकले की त्यांच्याबरोबर जंतूही अडकतात. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली साडी नव्या कापडापेक्षा उपयोगी, कारण तिचे धागे फुगून छिद्रे लहान झालेली असतात. तेव्हा सहलीच्या सामानात अशा जुन्या सुती लुगड्याचा एक स्वच्छ धुतलेला तुकडा अवश्य असावा. मात्र निम्मा धोका टळला म्हणजे निम्मा उरला, हेही ध्यानात असावे.

आता पाणी कोठून घ्यावे याविषयी. वाहते पाणी शुद्धच असते, असे गावोगाव म्हटले जाते. ही समजूत सोडून द्यावयास हवी. ओढ्याचे पाणी खळखळत असले तरी वरच्या अंगाला वस्ती असेल, म्हशी डुंबत असतील, कपडे धुतले जात असतील, तर त्या साऱ्याचा अंश खाली पोहोचतो. झऱ्याचे पाणी घ्यावयाचे तर ते खडकातून जेथे प्रथम बाहेर पडते त्याच ठिकाणी घ्यावे. दहा पावले खाली त्याचाच ओहळ होतो आणि त्यात गुरांचे पाय पडतात. नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झिरा काढण्याची रीत आपल्या आयाबहिणींना चांगली ठाऊक आहे. काही भागांत यालाच डवरा म्हणतात. वाळूतून झिरपलेले हे पाणी प्रवाहातील पाण्यापेक्षा पुष्कळच निवळ असते. प्रथम जमणारे पाणी उपसून टाकावे आणि नंतर येणारे घ्यावे. पण तेही निवळच, निर्जंतुक नव्हे.

गडांवरील टाक्यांची गोष्ट निराळी. आपल्या पूर्वजांनी पाण्याचा विचार किती काटेकोरपणे केला होता, हे सांगण्यास सहलीसारखी दुसरी संधी नाही. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी गड बांधण्यापूर्वी पाण्याची खात्री करून घेण्यास सांगितले आहे, आणि एकाच झऱ्यावर विसंबून न राहता साठवणीची टाकी करण्याचा व ते पाणी जपण्याचा उपदेशही केला आहे. जपण्याचा हा भाग आज कोणी पाळीत नाही. ज्या टाक्यावर एके काळी पहारा असे, त्यात आता येणारे-जाणारे पाय धुतात आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकतात. खडकाच्या पोटात खोदलेले खांबटाके त्यातल्या त्यात बरे, कारण त्यावर ऊन पडत नसल्याने शेवाळ कमी धरते. उघडे, हिरवे पडलेले, वरून साय धरल्यासारखे दिसणारे पाणी घेऊच नये. काही प्रकारच्या निळसर-हिरव्या शेवाळाचे विष उकळूनही जात नाही.

हीच गोष्ट रसायनांची. उकळल्याने जंतू मरतात, परंतु फवारणीचे विष, खत किंवा क्षार त्यामुळे नाहीसे होत नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते. म्हणून कापसाच्या, द्राक्षांच्या किंवा भाजीपाल्याच्या शेतांतून उतरणारा ओहळ, कारखान्याजवळचा नाला आणि फवारणीचे पंप जेथे धुतात तो डोह हे तिन्ही वर्ज्य मानावेत. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णाकाठचा खारपाणपट्टा किंवा यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील फ्लोराइडयुक्त विहिरी यांच्या बाबतीत या लेखातील कोणताही उपाय चालत नाही. तेथे सहल न्यावयाची तर पाणी बरोबर नेणे एवढाच मार्ग आहे.

सहलीचे स्थळ शिक्षक आगाऊ पाहून येतात, त्याच वेळी पाण्याची परीक्षा करता येते. अनेक ग्रामपंचायतींकडे पाणी-तपासणीचा संच असतो आणि त्यात एक छोटी बाटली मिळते. ग्वाल्हेर येथील संरक्षण-संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीवर ती आधारलेली आहे. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती उबदार जागी एक ते दोन दिवस ठेवावी. पाणी काळे पडले तर त्यात विष्ठेचा अंश मिसळला आहे असे समजावे. काळे पडले नाही म्हणून मात्र पाणी तसेच पिण्याची परवानगी मिळाली असे समजू नये. गावकरी स्वतः कोणते पाणी पितात हे विचारणे चांगले, परंतु तेथील प्रौढांच्या पोटाला जे सवयीने सोसते ते बाहेरून आलेल्या आठ वर्षांच्या मुलास सोसेलच असे नाही.

पाणी आणले, गाळले, आता ते निवळले पाहिजे. गढूळ पाण्यातील मातीच्या कणांआड जंतू दडून बसतात आणि औषधाचा जोर ती मातीच खाऊन टाकते. म्हणूनच निवळणे आधी, औषध नंतर. तुरटीचा खडा पाण्यात काही वेळ फिरवून भांडे अर्धा तास न हलविता ठेवले की गाळ तळाशी बसतो. वरचे निवळ पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे. खडा फार वेळ फिरविला तर पाणी तुरट लागते आणि मुले ते पीत नाहीत. तुरटी नसेल तर निवळीचे बी सहाणेवर उगाळून किंवा वाळलेल्या शेवग्याच्या बियांची पूड करून तेच काम साधता येते. या बियांना निवळी हे नाव त्यांच्या गुणावरूनच पडले आहे.

मडक्यांच्या उतरंडीत वाळू, खडी व कोळसा भरून केलेली गाळणी विज्ञानाच्या तासाला आपण सर्वच दाखवितो. तिच्याविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे. १८९२ साली जर्मनीतील हाम्बुर्ग शहरात पटकीची भयंकर साथ आली आणि साडेआठ हजारांवर माणसे दगावली. हाम्बुर्ग एल्ब नदीचे पाणी न गाळता पीत असे. त्याला लागूनच असलेले आल्टोना हे गाव त्याच नदीचे पाणी, तेही हाम्बुर्गची घाण मिसळल्यानंतरचे, घेत असे. पण तेथे ते वाळूच्या मोठ्या गाळण्यांतून संथपणे गाळले जाई. आल्टोनात साथ जवळजवळ पसरलीच नाही. मग आपली मडक्यांची गाळणी हेच काम का करीत नाही? कारण आल्टोनाच्या वाळूवर आठवड्यामागून आठवडे पाणी झिरपून सूक्ष्म जीवांचा एक बुळबुळीत थर जमलेला होता आणि रोगजंतूंना अडविण्याचे काम मुख्यतः तो थर करीत होता. सकाळी भरलेल्या नव्या मडक्यात असा थर नसतो. ती गाळणी पाणी निवळ करते, एवढेच. वर्गात प्रयोग दाखवून झाल्यावर ‘हे पाणी आता शुद्ध झाले’ असे म्हणून एखाद्या मुलास ते प्यावयास देण्याचा मोह गुरुजींनी व बाईंनी कटाक्षाने टाळावा.

जंतू मारण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे उकळणे. पूर्वीच्या पुस्तिकांतून पाणी वीस मिनिटे उकळावे असे छापलेले आढळते. एवढ्याची गरज नाही. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळू दिले तरी काम होते. समुद्रसपाटीपासून २००० मीटरहून उंच ठिकाणी तीन मिनिटे उकळावे असे सांगतात, पण महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई हेच १६४६ मीटर उंचीचे आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी सुमारे ९४ ते ९५ अंशांवरच उकळते. डाळ शिजावयास त्यामुळे वेळ लागतो, परंतु रोगजंतू ७० अंशांच्या आसपासच मरू लागत असल्याने पाण्याच्या बाबतीत चिंता नको. उकळल्यावर पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते म्हणून ते बेचव लागते. निवल्यावर एका स्वच्छ भांड्यातून दुसऱ्यात दोन-चार वेळा ओतले की चव परत येते.

उकळण्याची अडचण सरपणाची आहे. तीन दगडांच्या चुलीवर एक लिटर पाणी उकळण्यास अंदाजे एक किलो लाकूड लागते. चाळीस मुले, प्रत्येकी दिवसाला दोन लिटर, म्हणजे ऐंशी लिटर पाणी. तेवढे लाकूड गोळा करणे हे सहलीचे काम नव्हे, आणि राखीव जंगलात विस्तव पेटविण्यास कायद्याने मनाईही आहे. तेव्हा हिशेब असा करावा : प्रत्येक मुलाने घरून किंवा शाळेतून उकळून गार केलेले एक लिटर पाणी बाटलीत आणावे. हे काम शाळेच्या स्वयंपाकघरात आदल्या संध्याकाळी होऊ शकते. उरलेले चाळीस लिटर त्या ठिकाणी औषधाने शुद्ध करावे.

हे औषध म्हणजे क्लोरीनच्या गोळ्या. नागपूर येथे १९५८ साली स्थापन झालेली आणि पुढे ‘नीरी’ या नावाने ओळखली जाऊ लागलेली संस्था या कामी अग्रेसर राहिली आहे. तिने तयार केलेली अर्ध्या ग्रॅमची एक गोळी वीस लिटर पाण्यास पुरते. म्हणजे वीस लिटरची दोन भांडी आणि दोन गोळ्या. मात्र बाजारात निरनिराळ्या मापांच्या गोळ्या मिळतात, म्हणून वेष्टनावरील प्रमाण वाचल्यावाचून गोळी टाकू नये. वीस लिटरची गोळी एखाद्या मुलाने आपल्या लिटरभराच्या बाटलीत टाकली तर ते पाणी पिण्याजोगे राहत नाही. गोळ्या शिक्षकाच्याच खिशात असाव्यात. ग्रामपंचायतीत विहिरीसाठी ठेवलेली टीसीएल पावडर पुडीत बांधून नेणे इष्ट नव्हे. ती दमट हवेत जोर गमावते, चिमटीने तिचे माप होत नाही, आणि कमी पडली तर उपयोग नाही व जास्त झाली तर मुलांच्या घशाची आग होते.

गोळी विरघळल्यावर पाणी ढवळून झाकून ठेवावे आणि पुरा अर्धा तास थांबावे. त्यानंतर पाण्यास क्लोरीनचा किंचित वास यावयास हवा. वास मुळीच येत नसेल तर औषध मातीने किंवा पाल्यापाचोळ्याने खाल्ले असे समजून पुन्हा तेवढीच मात्रा द्यावी व पुन्हा अर्धा तास थांबावे. ज्या गावी जलसुरक्षकाकडे ओटी चाचणीची नळी आहे तेथून ती मागून न्यावी. पाण्यास पिवळी छटा आलेली मुलांना दाखविता येते आणि तो पाठ ती विसरत नाहीत. आमांशासारख्या काही रोगांचे कवचधारी जंतू या औषधाला दाद देत नाहीत, म्हणून क्लोरीनचा क्रम उकळण्याच्या नंतर लागतो. खेळाच्या व गिर्यारोहणाच्या दुकानांत मिळणाऱ्या बारीक गाळण्या असे जंतू अडवितात, पण त्यांपैकी बहुतेकींतून काविळीचा विषाणू निसटतो.

मुक्कामाच्या शिबिरात उन्हाचाही उपयोग होतो. दोन लिटरपर्यंतची रंगहीन प्लॅस्टिकची बाटली निवळ पाण्याने भरून पत्र्यावर आडवी ठेवावी. कडक उन्हात सहा तासांत आणि आभाळ असेल तर दोन दिवसांत सूर्यकिरण जंतू मारतात. बाटली वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी धरून वरून पाहावे. अक्षरे वाचता आली तर पाणी पुरेसे निवळ आहे. एका दिवसाच्या सहलीस हा उपाय निरुपयोगी, पण शाळेच्या पटांगणात करण्यास उत्तम.

आता वेळेचा प्रश्न. गाळणे, निवळणे आणि औषधाचा अर्धा तास मिळून तासभर सहज जातो. चढण चढून आलेली, तहानेने व्याकूळ झालेली मुले समोर झुळझुळणारे पाणी पाहून तासभर थांबतील, ही अपेक्षाच चुकीची आहे. ती ओंजळीने पिणारच. म्हणून एक शिक्षक व दोन मोठे विद्यार्थी यांनी तुकडीच्या तासभर आधी पाण्याच्या ठिकाणी पोहोचून काम सुरू करावे. मुले पोहोचतील तेव्हा पाणी तयार असले पाहिजे. त्यात कोणी हात किंवा उष्टा पेला बुडवू नये. लांब दांड्याच्या ओगराळ्याने एकाच व्यक्तीने वाढावे. साबणाने हात धुतल्यावाचून शिदोरी उघडू देऊ नये, नाहीतर पाण्यावर घेतलेली सारी मेहनत बोटांवरून पोटात जाणाऱ्या जंतूंनी वाया जाते.

आणि एखादे मूल उन्हाने चक्कर येऊन पडले, शुद्ध केलेले पाणी संपलेले असले, तर? तेव्हा त्यातल्या त्यात निवळ पाणी गाळून त्यास प्यावयास द्यावे. पाण्यावाचून होणारा अपाय तासाभरात जिवावर बेततो. दूषित पाण्याने होणाऱ्या रोगावर मागाहून औषध देता येते. नियम मोडण्याचा हा एकच प्रसंग आहे आणि तो निर्णय शिक्षकानेच घ्यावयाचा असतो.

सहलीच्या वहीत कोणत्या ठिकाणचे पाणी किती वाजता घेतले व त्यावर काय उपाय केला, याची नोंद करावी. रोग लगेच दिसत नाहीत. पटकी काही तासांपासून पाच दिवसांत प्रकट होते, विषमज्वरास साधारण एक ते तीन आठवडे लागतात, आणि दूषित पाण्याने होणारी कावीळ तर पंधरा दिवसांपासून पन्नास दिवसांपर्यंत केव्हाही डोळ्यांत उतरते. तोपर्यंत सहल सर्वांच्या विस्मरणात गेलेली असते. म्हणून पुढील सात आठवडे हजेरीपटावर सहलीस गेलेल्या मुलांच्या नावांपुढे खूण ठेवावी. ताप, जुलाब किंवा पिवळे डोळे असलेले मूल आढळल्यास त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे आणि वहीतील त्या नोंदीची नक्कल सोबत द्यावी.